वाघोबा खिंडीअलीकडचं डावं वळण

पालघर आणि बोईसरच्या मुलखात मी थोडे दिवस काढून आलो, त्याचं हे वर्णन. ज्यांनी तो भाग फक्त नावाने ऐकला आहे त्यांच्यासाठी लिहितो आहे. पण डोंगर, खाडी आणि मासळीकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. या प्रवासात आमचं एक ग्लायडर ज्या शेतात पडायला नको तिथे पडलं आणि त्याचा पंख मोडला. ती चूक माझी होती. शिबिरात ती दुसऱ्या माणसाच्या नावावर गेली, आणि जाऊ दिली ती मी. पुढचं सगळं वाचताना हे ठाऊक असलेलं बरं.

मी बार्शीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. पन्नाशीनंतर आमच्याकडे माणसं देवाला लागतात किंवा गुडघ्याच्या तेलाला. मी ग्लायडिंगला लागलो. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. जमिनीवरचं एक यंत्र लांब दोराने त्याला ओढून आभाळात चढवतं, मग दोर सुटतो, आणि पुढे वर राहायचं ते तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या जिवावर. अशा वर चढणाऱ्या हवेला आम्ही थर्मल म्हणतो. घारी तिच्यात गोल गोल फिरत चढतात, तसंच आम्ही. आमच्या क्लबने या हिवाळ्यात दोन ग्लायडर ट्रेलरवर घालून पालघर जिल्ह्यात शिबिर लावलं, आणि सुट्टी टाकून मीही गेलो.

मनोरच्या पुढे

शिबिराची धावपट्टी मनोरच्या पुढे, एका खासगी माळावर होती. जानेवारीत आमच्या बाजूला ज्वारी उभी असते आणि नजर अडायला काही नसतं. इथे नजर सारखी अडते. लहान लहान टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी बांधांनी तुकडे केलेली शेतं, आणि भात कापून गेलेल्या खुंटांमध्ये हिरवागार वाल. वालाला पाणी देत नाहीत, जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर तो येतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पुस्तकात मी ते शिकवत आलो होतो, पण पुस्तकातला वाल काळा-पांढरा होता.

ट्रेलर चालवायला कमळाकर होता. मूळचा दातिवऱ्याचा, समुद्रकाठच्या कोळीवाड्यातला. घरची बोट भाऊ बघतो आणि हा गाड्या हाकतो. मला त्याने पहिल्याच दिवशी गुरुजी करून टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं शिबिर मला गुरुजी म्हणू लागलं.

माझी शिक्षिका मृणाल होती. वयाने माझ्या मोठ्या भाचीएवढी. प्रशिक्षक म्हणून ती शिबिरापुरती उमेदवारीवर होती. शेवटी मुख्य प्रशिक्षक देसाई साहेब तिला कायम करणार होते. इतक्या शांतपणे शिकवणारं माणूस मी आमच्या शाळेतही पाहिलेलं नाही. उड्डाणाच्या सकाळी तिने मला मागच्या जागेवर बसवलं आणि समोरचा छोटा स्क्रीन दाखवला. त्यावर आपलं विमान आणि खालचा मुलूख सरकत्या नकाशात दिसतो.

"यात आपली जायची दिशा वर ठेवलीय," ती म्हणाली. "म्हणजे स्क्रीनवर जे डावीकडे ते बाहेरही डावीकडे. डोक्यात काही फिरवावं लागत नाही."

"उत्तर वर नको का?" मी विचारलं.

"एकटी उडते तेव्हा मी उत्तरच वर ठेवते. थर्मलमध्ये फिरताना नकाशा स्थिर राहतो. पण आज विमान माझ्या हातात आणि नकाशा तुमच्या. तुम्ही डावं-उजवं सांगणार आणि मी वळणार. म्हणून दोघांत एकच तऱ्हा ठरवायची आणि उतरेपर्यंत बदलायची नाही. बदलायची झालीच, तर आधी मोठ्याने सांगायचं."

कमळाकर पंखाचं टोक धरून उभा होता. "गुरुजींना उत्तर वरच लागते," तो म्हणाला. "वर्गात छताला टांगलेली असल ना ती. हितं डोंगरापल्याड हाय, जरा सांभाळून घ्या."

मी हसलो, पण त्याने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. आयुष्यभर मी मुलांना नकाशाच्या माथ्यावर उत्तरेचा बाण काढायला लावला आहे, आणि विसरले त्यांचे मार्क कापले आहेत. दक्षिण वर असलेला नकाशा मला उलट्या टांगलेल्या फोटोसारखा दिसतो.

बोईसरवर

दोर सुटला तेव्हा खाली सगळं निवांत होतं. वाघोबा खिंडीच्या डोंगरावर दोन घारी फिरत होत्या; मृणालने ग्लायडर त्यांच्याखाली नेलं आणि आम्ही चढू लागलो. डोंगर ओलांडल्यावर पश्चिमेचा सगळा पट्टा उघडा झाला. उत्तर-दक्षिण जाणारी रेल्वे, तिच्या पलीकडे खाड्यांची चकाकणारी नागमोड, भरतीचं पाणी शिरणारी खाजणं, नारळांची काळपट रांग आणि शेवटी समुद्र. तारापूरच्या अणुवीज केंद्रावरचं आकाश आम्हाला बंद होतं, नकाशावर ते लाल दाखवलेलं. त्याच्या पुष्कळ अलीकडे, बोईसरच्या पूर्वेला, आम्ही वळायचं होतं.

बोईसरच्या कारखान्यांचे पत्रे उन्हात तापून त्यांच्यावर उत्तम थर्मल उठली होती. मृणालने तिच्यात गिरक्या सुरू केल्या. आणि माझ्या मांडीसमोरचा नकाशा फिरायला लागला. जायची दिशा वर ठेवली की विमान गोल फिरताना सगळा मुलूख स्क्रीनवर जात्यासारखा फिरतो. रेल्वे आडवी, उभी, आडवी. मला मळमळायला लागलं. मी बटण दाबलं. उत्तर वर आली, नकाशा जागेवर बसला आणि विमानाचं चिन्ह तेवढं त्याच्यावर फिरू लागलं. मला एकदम बरं वाटलं.

मृणालला सांगावं असं मनात आलं. तेवढ्यात ती म्हणाली, "खाली बघा, शिफ्ट सुटली वाटतं. बसेसची रांग." मी खाली बघितलं आणि सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी बरेच दिवस स्वतःशी म्हणत होतो, पण ते खरं नाही. सांगितलं असतं तर तिने नकाशा पूर्ववत करायला लावला असता, म्हणून मी सांगितलं नाही.

उत्तरेकडे जाताना दोन्ही तऱ्हांच्या नकाशात काही फरक पडत नाही. दक्षिणेकडे निघालं की पडतो. उत्तर वर असलेल्या नकाशावर आपण वरून खाली चाललेलो असतो, आणि कागदावर डावीकडे दिसणारी जागा आपल्या उजव्या हाताला असते. हा प्रश्न मी आठवीच्या पेपरात घालतो.

आम्ही दक्षिणेकडे निघालो आणि समुद्रावरून वारं सुटलं. किनाऱ्यावर दुपारी ते सुटतंच; त्या दिवशी लवकर सुटलं. ते गार आणि जड असतं, त्याच्याखाली थर्मल विझतात. चढण्या-उतरण्याचा आवाज देणारं यंत्र एकाच रडक्या सुरात बोलू लागलं. पुढे वाघोबा खिंडीचा डोंगर दिसत होता, पण आता आमच्यापेक्षा उंच.

"खिंड जमत नाही," मृणाल म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "खाजणाच्या मैदानात उतरू."

खाडीकाठचं ते गवताळ मैदान आम्ही सकाळीच अडीअडचणीसाठी हेरून ठेवलं होतं. पण पश्चिमेला सूर्य होता, आणि धुरकं आणि ऊन मिळून त्या बाजूला नुसता पांढरा पडदा झाला होता. त्यात तिला काही दिसत नव्हतं.

"गुरुजी, मैदान कुठल्या बाजूला?"

मी स्क्रीन बघितला. "डावीकडे."

"डावीकडे? मला उजवीकडे वाटलं होतं."

"डावीकडेच. स्पष्ट दिसतंय."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

मैदान खाडीजवळ, खाडी समुद्राच्या बाजूला, आणि त्या बाजूचं ऊन त्या क्षणी माझ्या उजव्या गालाला लागत होतं. इतकं कळायला नकाशाही लागत नाही. पण मला स्क्रीनवर ते डावीकडे दिसत होतं.

ती डावीकडे वळली. ऊन पाठीमागे गेलं, पडदा गेला, सगळं लख्ख दिसू लागलं. समोर मैदान नव्हतं. टेकडीचा उतार होता, ताडाची झाडं होती, आणि उतारावरून खाली येणारे विजेचे मोठे मनोरे.

"तारा," मृणाल म्हणाली. एवढंच.

मला तारा दिसल्या त्या मनोऱ्यांमुळे. मनोऱ्यांच्या मध्ये त्या दिसतच नाहीत. तिथे नुसतं आभाळ असतं. परत वळायला उंची उरली नव्हती. तारांच्या अलीकडे टेकडीच्या पायथ्याला वालाचा एक हिरवा तुकडा होता, आमच्या अंगणाएवढा वाटला मला. तिने नाक त्याच्यावर धरलं. झाडांचे शेंडे आमच्या खालून नाही, बाजूने गेले. मग धक्का, वालाचे वेल काचेवर सपासप, एक बांध, पुन्हा धक्का, आणि डावा पंख कशाला तरी अडून ग्लायडर अर्धं फिरलं आणि थांबलं.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तारांची गुणगुण तेवढी येत होती.

लहानूचं शेत

मृणालने आधी विचारलं, "गुरुजी, हातपाय हलवून बघा." मला काही झालं नव्हतं. तिचं उजवं मनगट सुजायला लागलं होतं. ती झाकण उघडून बाहेर पडली आणि पंखाकडे गेली.

मी आत एकटा बसलो होतो. समोर स्क्रीन चालू होता, उत्तर वर, आणि त्याच्यावर मैदान अजून डावीकडे. तेव्हा मला काय झालं ते समजलं. समजताक्षणी माझ्या हाताने बटण दाबलं आणि नकाशा तिने सकाळी लावून दिला होता तसा करून टाकला. मी ठरवून केलं असं म्हणवत नाही, पण हात माझाच होता आणि तो अजिबात थरथरत नव्हता. तारा बघून मी हादरलो होतो. या हाताला बघून जास्त हादरलो.

शेत लहानू नावाच्या माणसाचं होतं. तो आणि त्याची बायको सुकरी टेकडीच्या बाजूने धावत आले. सुकरीने आमच्याकडे बघितलंच नाही. ती मोडक्या पंखापाशी गेली, वाकली आणि त्याच्याखालून एक चेपलेली टोपली ओढून काढली. टोपलीत वालाच्या शेंगा होत्या.

"आत्ताच उठले मी हितून," ती म्हणाली. "पानी प्याया गेले. ही टोपली हितंच ठेवून गेले."

मृणाल खाली बसली, मातीतच. मी उभाच होतो. सुकरी टोपलीचा वाकलेला काठ पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

लहानूने विमानाला एक फेरी मारली. "इंजिन कुठं हाय याचं?"

"इंजिन नसतं याला," मृणाल म्हणाली.

"नसतं? मग आलात कशे?"

"वाऱ्यावर."

लहानू बायकोकडे वळला. "ऐकलंस का? वाऱ्यावर आले, नि पडले आपल्याच वालावर."

"वाऱ्यावर आले तर वाऱ्यावरच जावा म्हनावं," सुकरी म्हणाली. "माझा उरलेला वाल पायानं तुडवत जाऊ नका."

थोड्या वेळाने तिनेच मृणालच्या मनगटाला हळद लावून फडकं बांधलं, आणि आम्हाला पाणी दिलं. रागही तिचा खरा होता आणि पाणीही.

देसाई साहेब आणि कमळाकर ट्रेलर घेऊन आले तेव्हा ऊन उतरत होतं. साहेबांनी मैदानाच्या दिशेकडे बघितलं, मग तारांकडे.

"मैदान तिकडे आणि तू इकडे. काय बघून वळलीस?"

"चुकले सर," मृणाल म्हणाली.

'गुरुजींनी सांगितलं' असं ती म्हणाली नाही. विमान ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची, हा आमच्यातला नियम आहे, आणि तो तिने शब्दशः पाळला. साहेबांनी वाकून मागचा स्क्रीन बघितला.

"नकाशा नीट चालत होता ना, गुरुजी?"

"हो," मी म्हणालो.

ग्लायडरचे पंख काढता येतात. लहानूच्या वाडीतली माणसं आली आणि सगळ्यांनी मिळून ते बांधाबांधाने, वालात पाय न टाकता, रस्त्यापर्यंत वाहून नेले. वालाची भरपाई क्लबने केली. मीही एका पंखाला खांदा दिला होता. इतक्या खांद्यांवर पंख हलका होतो, हे मला ठाऊक होतं. तरी तो मला उचलवेना.

बोईसर

ग्लायडिंगमध्ये एक रीत आहे. जो परक्या शेतात उतरतो, त्याने आपल्याला न्यायला आलेल्यांना जेवण घालायचं. आमच्या बाजूला ज्याच्यामुळे खोळंबा होतो तो मान खाली घालतो आणि बाकीचे त्याला आठवडाभर ऐकवतात. त्यापेक्षा ही रीत मला नेहमी शहाणपणाची वाटत आली होती.

बोईसर स्टेशनजवळच्या एका खानावळीत आम्ही बसलो. संध्याकाळची वेळ, रस्त्यावर रिक्षांची रेटारेटी, कारखान्याच्या बसमधून उतरणारी माणसं, अंगावर रसायनांचा आंबूस वास. आजूबाजूच्या टेबलांवर सगळी हिंदी. डाळीत बुडवून रोटी खाणारा एक जण दुसऱ्याला सांगत होता, "भाई, गाँव में बोल दिया है, होली में आऊँगा." या गावात कुणीच इथला नाही, असं वाटतं, आणि तरी सगळे एकमेकांना सरकून जागा देतात.

वाढप्याने येऊन मासळी संपली म्हणून सांगितलं. मग सुरमईऐवजी अंडाकरी आली.

"आज मी देतो जेवण," मी मृणालला म्हणालो.

"नाही गुरुजी. शेतात मी उतरले."

"मी पण होतोच ना विमानात."

"तुम्ही पाहुणे," ती म्हणाली.

उजव्या मनगटाला फडकं होतं म्हणून ती चमचा डाव्या हातात धरून जेवत होती. कमळाकरने ते बघितलं. "बघा साहेब, मॅडमला डावीकडंच सगलं बरं वाटते."

सगळे हसले. मृणालही हसली.

"हसू नका मॅडम," कमळाकर म्हणाला, "आमच्या दातिवऱ्यात तुमच्यासारखा एक होता. धुक्यात बोट घेऊन निघाला मासळीला. समुद्राकडं जायचा तो वळला खाडीत. सकाळी वैतरणा ठेसनाशी बोट लावली नि मास्तरला इचारते, म्हावरा कुठं गेला सगला?"

या वेळी साहेबसुद्धा हसले. मीही हसलो. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या हसण्याची. रोटीचा तुकडा माझ्या तोंडात होता, तो गिळण्याआधी मी हसलो होतो.

हसणं संपल्यावर साहेब गंभीर झाले. "मृणाल, तू उत्तम उतरवलंस. तारांच्या अलीकडे त्या तुकड्यात कुणालाही जमलं नसतं. पण तिथे पोचलीसच कशी, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. तोवर तू कुणाला बरोबर घेऊन उडायचं नाही. शिकवण्याचं काय करायचं ते उद्या संध्याकाळी ठरवू."

"हो सर," ती म्हणाली, आणि तिने सगळ्यांचं बिल दिलं.

दातिवरे

दुसऱ्या दिवशी उड्डाणं बंद होती. रिकामं बसून डोकी फिरतील म्हणून कमळाकरने सगळ्यांना आपल्या घरी जेवायला बोलावलं. पालघरहून दातिवऱ्याचा रस्ता खाजणांच्या कडेने जातो. वाटेत डाव्या हाताला मिठागरांसारखी चौकोनी तळी, उजवीकडे सुरूची झाडं. गावाच्या टोकाला वैतरणेची खाडी समुद्राला मिळते आणि पाण्यापलीकडे अर्नाळ्याचा किल्ला तरंगत असल्यासारखा दिसतो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकायला टांगलेले, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने. बार्शीच्या माणसाला तो वास पहिल्यांदा मागे ढकलतो. तासाभराने भूक लावतो. बायका मांडवाखाली बसून जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, पसरत होत्या. एकीने मला विचारलं, "तुमीच का ते आभालातून पडलेले?" मी मान हलवली. "बरं हाय," ती म्हणाली, "पान्यात नाय पडलात. आमाला शोधाया जावं लागलं असतं."

कमळाकरची बायको चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ताज्या बोंबलाचं कालवण, सुक्या जवळ्याची चटणी, कोवळ्या वालाची भाजी. जेवायला अवकाश होता म्हणून मृणाल वाळूवर फिरायला निघाली आणि मला म्हणाली, "येता का गुरुजी?"

भरतीची वेळ होती. बोटी एकेक करून खाडीत शिरत होत्या. बरंच अंतर आम्ही त्यांच्याकडे बघत चाललो.

"तुमची माफी मागायची होती," ती म्हणाली.

मला ऐकू आलं, पण अर्थ लागला नाही. "कुणाची?"

"तुमची. काल त्या क्षणी मी तुम्हाला विचारायलाच नको होतं. शिकणाऱ्या माणसावर तो भार टाकला मी. दिसत नव्हतं तर मी स्वतः वळून बघायला हवं होतं. त्या तारांत गेलो असतो तर तुमच्या घरी मी काय तोंड दाखवलं असतं?"

मी थांबलो. ती पुढे बोलतच होती, समुद्राकडे बघत, म्हणजे माझ्याकडे न बघता.

"रात्रभर एकच विचार करतेय. जायची दिशा वर असताना डावं-उजवं चुकूच शकत नाही. म्हणूनच ती तऱ्हा आपण ठेवली होती. तरी तुमचं चुकलं, म्हणजे मी तुम्हाला ते समजावलंच नव्हतं. मला वाटलं होतं की समजावलं. मला शिकवता येतं असं मला उगाचच वाटत होतं. देसाई सरांनी ठरवायची वाट मी बघत नाही, आज मीच सांगणार आहे की माझं नाव काढा."

मी शिक्षक आहे. वर्गात कुणाला काही समजलं नाही की आधी मुलाचा राग येतो आणि घरी गेल्यावर स्वतःचा. तो स्वतःचा राग कसा असतो, कुठे दुखतो, ते मला माहीत आहे. आणि एका बटणाने, आणि नंतर एका 'हो'ने, मी तो या मुलीच्या मनात घालून दिला होता. मी एका उपड्या होडीच्या कडेला बसलो.

"बरं नाही वाटत का?" तिने विचारलं.

तिथेच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण वाळूवर तिला एकटीला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. जाऊ दे गुरुजी, म्हणाली असती, आणि साहेबांना काही कळू दिलं नसतं. आणि मी ते जाऊ दिलं असतं. माझी मला इतकी ओळख आदल्या दिवशी झाली होती.

"चल, जेवायला बसू," मी म्हणालो.

ओट्यावर पानं मांडली होती. देसाई साहेब भिंतीला टेकून बसले होते, कमळाकर आणि त्याची बायको वाढत होते. मृणाल पानाजवळ न बसता उभीच राहिली. "सर, मला एक सांगायचं होतं," ती म्हणाली.

"आधी मला," मी म्हणालो.

आवाज मोठा निघाला असावा, कारण कमळाकर पळी हातात धरून तसाच थांबला. मी उभा राहिलो. शाळेत रोज उभं राहून बोलतो, तरी हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"साहेब, काल तुम्ही विचारलंत नकाशा नीट चालत होता का, आणि मी हो म्हणालो. चालत होता, पण लावला होता वेगळा. बोईसरवर गिरक्या घेताना मला मळमळलं म्हणून मी उत्तर वर केली. मृणालने सकाळी बजावलं होतं, सांगितल्याशिवाय बदलायचं नाही. मी सांगितलं नाही. दक्षिणेकडे येताना मैदान उजव्या हाताला होतं आणि मी डावीकडे म्हणालो. तिला शंका आली, तिने दोनदा विचारलं. मी नक्की म्हणालो. शेतात उतरल्यावर ती बाहेर गेली तेव्हा मी नकाशा परत फिरवून ठेवला, म्हणजे तुम्हाला कळू नये. मैदान डावीकडे आहे असं मी सांगितलं होतं, हे तिने तुम्हाला सांगितलं नाही. आणि काल तिच्या पैशाने मी जेवलो."

साहेबांनी काहीतरी विचारायला मान वर केली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी मृणालकडे वळलो. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो तसा बघणं भागच होतं.

"मृणाल, तू मला नीट शिकवलं होतंस. मला सगळं समजलं होतं. समजूनही मी ऐकलं नाही, आणि मग ते लपवलं, आणि तू स्वतःला दोष देत होतीस ते शेजारी चालत ऐकत राहिलो. सुकरीबाईंच्या जिवाशी मी खेळलो, तुझ्याही. मोठा म्हणून, शिक्षक म्हणून मला काही सवलत देऊ नकोस. मी तुझी माफी मागतो."